पोरांना हैदराबाद दाखवलं

हैदराबादेत बसमधून उतरल्या उतरल्या दिगूनं पहिल्याच बाईला "माय" म्हणून हाक मारली.

ती गजरे विकणारी तेलंगीण होती. तिनं वळून बघितलं, हसली, तिच्या भाषेत काहीतरी बोलली आणि चालती झाली. मी दिगूच्या दंडाला धरून त्याला मागं ओढलं.

"अरे मुडद्या, रस्त्यानं जाईल तिला माय म्हणणार का तू?"

"मग माय कुठाय?"

"आपण शहर बघायला आलोत. मायबिय कुणी नाही इथं."

खोटं होतं ते. शहर बघायला देगलूरहून पहाटेच्या गाडीनं, मांडीवर चार वर्षांचं पोर आणि बाजूला सात वर्षांची पोर घेऊन, सहा तास हाडं खिळखिळी करून घेणारी मी नव्हे. मी माझ्या सुनेला शोधायला आले होते. पण हे मी घरात मालकांनाही धड सांगितलं नव्हतं, तर पोरांना कशाला सांगते?

आम्ही देगलूरचे कासार. चार पिढ्यांचं बांगड्यांचं दुकान. मी शिकले दुसरीपर्यंत, पण बाईचा हात हातात घेतला की डोळे मिटून माप सांगायची. नुसतं माप नव्हे, कुणाला दिवस गेलेत, कुणाचा नवरा हात उचलतो, कुणाच्या घरी धुणं दुसरं कुणी धुतं, तेही सांगायची. लोक तोंड बघतात, कौतिकाबाई हात बघते, असं गावात म्हणायचे. त्याचा मला फार तोरा होता.

माझा एकुलता एक उत्तम काविळीनं गेला. बावीस दिवसांत. शालन, त्याची बायको, तेव्हा चोवीस वर्षांची. तिच्या हातातल्या बांगड्या मीच फोडल्या. एरवी आम्ही कासार 'फुटली' हा शब्द तोंडातून काढत नाही, 'वाढली' म्हणतो. त्या दिवशी मात्र फोडल्याच.

तीनेक महिन्यांनी एक दिवस मी आत भाकरी टाकत होते. बाहेर येऊन बघते, तर ही गादीवर बसून एका सवाष्णीच्या हातात बांगड्या भरतेय. त्या बाईच्या देखतच मी म्हटलं, "ऊठ. रांडकीच्या हातानं सवाष्णीला बांगडी? दुकान बुडवायला बसलीस का?"

ती उठली. संध्याकाळी म्हणाली, "आत्याबाई, मला दुसरं काही येत नाही. लहानपणापासून हेच शिकले."

"चूल येते ना? ती बघ."

वर्षभर तिनं चूल बघितली. मग म्हणाली, हैदराबादेला मावशी आहे, तिच्याकडं जाते, काम लागलं की पोरं न्यायला येते. मी म्हटलं, "पोरं आमच्या घराण्याची आहेत. तुला जायचं तर एकटी जा. आणि गेलीस की गेलीस." मला वाटलं, पोरांसाठी तरी थांबेल. ती गेली. मागून तिची दोन कार्डं आली. मालक म्हणाले, "अगं, वाच तरी. नाहीतर मी वाचतो." मी दोन्ही चुलीत घातली.

दिगू तेव्हा अडीच वर्षांचा. सहा महिन्यांत तो तिचं तोंड विसरला, पण 'माय' विसरला नाही. दुकानात येईल त्या बाईच्या मांडीवर जाऊन बसायचा. एकदा एका मास्तरणीच्या मांडीवर बसला, तर ती सगळ्यांसमोर मला म्हणाली, "कौतिकाबाई, बांगड्या मागून विका. आधी या पोराला त्याची आई आणून द्या." मी तिला चार शब्द सुनावले. पण ते माझ्या मनात रुतलं ते रुतलंच.

त्यातच लाखेच्या बांगड्या घेऊन येणारे महबूबभाई बोलून गेले, "भाभी, आपकी बहू दिखी थी. चारमिनार के बाजू, चूडी बाजार में. दो-तीन बार दिखी." मी म्हटलं, "असेल." पुढं काही विचारलं नाही. आठ दिवसांनी पोरांना घेऊन निघाले.

तिला 'घरी चल' असं मी म्हणणार नव्हते. तेवढी माझी मान लवत नव्हती. मी एवढंच ठरवलं होतं, की पोरं तिच्या पुढ्यात उभी करायची आणि आपण दुसरीकडं बघत राहायचं. पुढचं काम पोरं करतील.

पण लगेच बाजारात जायला माझे पाय निघेनात. स्टँडच्या बाहेर एका इराण्याच्या हॉटेलात शिरलो. पोरांनी बशीत चहा ओतून त्यात बिस्किटं बुडवली. दिगूचं बिस्किट चहात पडलं, तो रडायला लागला, तर हॉटेलवाल्यानं दुसरं आणून दिलं. "रो नक्को बाबा. कहां से आए अम्मा?"

"देगलूर."

"शहर देखने?"

"हो. पोरांना दाखवायला."

"फिर पहले घड्याल दिखाव इनको. नदी पार करके म्यूझियम है. बारा के पहले पहुंचो."

मलाही निमित्तच पाहिजे होतं. नदीवरच्या पुलावरून चालत गेलो. नदीत पाणी थोडं आणि घाण जास्त. दिगूनं विचारलं, "ही कुणाची नदी?" छबी म्हणाली, "सरकारची."

त्या म्युझियममध्ये एक भलंमोठं घड्याळ आहे. दर तासाला आतून बोटाएवढा दाढीवाला माणूस बाहेर येतो आणि घंटेवर टोले देऊन परत आत जातो. ते बघायला शंभर-दीडशे माणसं बाकांवर आणि जमिनीवर बसली होती. आम्हीही बसलो.

"तो आतच राहतो?" दिगू.

"हो."

"एकटाच?"

"एकटाच."

"मग त्याला जेवायला कोण देतं?"

"येडाच आहेस," छबी म्हणाली, "चावीवर चालतो तो." मग माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली, "आजी, आपण मायला शोधायला आलोत ना?"

"कुणी सांगितलं तुला?"

"तू मला दिवाळीचा फ्रॉक घातलास. दिगूला काजळ लावलंस. शहर बघायला काजळ कशाला?"

"फार अक्कल आलीय तुला."

तिनं फ्रॉकच्या चुण्या सरळ केल्या. मग म्हणाली, "सापडली तर तू भांडू नको हां."

"मी बोलणारच नाही."

"हां. तू बोलूच नको. मी बोलते."

तेवढ्यात बारा वाजले. दाढीवाला बाहेर आला. दिगू माझ्या मांडीवर उभा राहून प्रत्येक टोल्याला टाळी वाजवायला लागला. शालन घरातून गेल्यापासून त्याला असं हसताना मी बघितलं नव्हतं. मला वाटलं, आज होतंय काम.

चारमिनारपर्यंत चालतच गेलो. पोरांचे पाय दुखत होते, पण कुरकुर नव्हती. मनोरे बघून छबी म्हणाली, "एवढं उंच बांधून वर कोण बसायचं?" मी म्हटलं, "तुझा आजा." ती हसली. मशिदीसमोर कबुतरांना दाणे टाकले. दिगूला मी कडेवर घेतलं आणि आम्ही चूडी बाजारात शिरलो.

माझं सगळं आयुष्य बांगड्यांत गेलं, पण एवढ्या बांगड्या मी एका जागी कधी बघितल्या नव्हत्या. दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं, मागं आरसे, त्यामुळं दुकानं दुप्पट. लाख, काच, खडे. "आओ अम्मा, बच्ची को पिन्हाव." मी मान ताठ ठेवून चालत होते. एका दुकानात खडे वाकडे बसवलेले दिसले, तेही मी छबीला दाखवलं. "बघ, आपल्याकडं असला माल दारातूनच परत जाईल."

छबीचं लक्ष नव्हतं. तिनं माझा हात घट्ट धरला.

समोर दहा पावलांवर, कोपऱ्यावरच्या दुकानात, पायरीच्या वर शालन बसली होती. अंगानं भरली होती. डोक्यावरून पदर नव्हता. समोर बायकांची गर्दी, आणि ती त्यांच्याशी काहीतरी बोलत हसत होती. तोंडाचं मी एवढंच बघितलं. मग माझी नजर माझ्या सवयीनं हातांवर गेली.

दोन्ही हात कोपरापर्यंत हिरव्यागार काचेच्या बांगड्यांनी भरलेले. मागंपुढं लाखेची पाटल्यांसारखी कडी. नव्या नवरीला भरतात तसा अख्खा चुडा. एक पस्तिशीचा माणूस आतून आला आणि तिच्या शेजारी चहाचा कप ठेवून गेला.

आमच्यात एक नियम आहे. विकायची बांगडी कासारणीनं स्वतःच्या हातात कधी चढवायची नाही. ती उष्टी होते. माझ्या सासूनं पहिल्या दिवशी मला सांगितलं, मी शालनला सांगितलं. कासारणीच्या हातात जे असतं ते तिचं स्वतःचंच असतं. त्यामुळं मला कुणाला काही विचारायची गरजच पडली नाही. मला सगळं कळलं होतं. माझ्या लेकाच्या नावानं मी रिकामे केलेले हात तिनं दुसऱ्याच्या नावानं भरून घेतले होते.

"आजी! माय!"

मी छबीच्या तोंडावर हात ठेवला. दिगू माझ्या खांद्यावरून मागच्या दुकानातल्या आरशात स्वतःला जीभ दाखवत होता.

"ती नव्हे."

तिनं माझा हात बाजूला केला. "तीच आहे. हनुवटीवर गोंदण बघ ना. मी जाऊ?"

"छबे, तुझी माय मेली."

मी ते कसं बोलले, मला आजही सांगता येत नाही. ठरवून बोलले नाही. पण बोलल्यावर परत घ्यावं असंही वाटलं नाही. छबीनं माझ्याकडं बघितलं, मग तिकडं बघितलं. शालन एका बाईला हात वर करून बांगड्या दाखवत होती.

"कधी मेली?"

"मागंच."

"मग आपण रडायचं का?"

"घरी गेल्यावर."

मी तिला वळवलं आणि आल्या वाटेनं चालायला लागले. एकदाही ती मागं वळली नाही. मी धर्मशाळेत राहायच्या तयारीनं आले होते, दोन दिवसांची भाकर-चटणी पिशवीत होती. तीन वाजताची गाडी पकडली. संगारेड्डी मागं पडल्यावर दिगूनं खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "शहर संपलं?"

"संपलं."

घरी मालकांनी विचारलं, "भेटली?"

"मेली ती. तापानं. तिकडंच सगळं उरकलं म्हणे."

"खरं की काय?"

"मी स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून आले."

मालक स्वभावानं गरीब, भिंतीला टेकून बसले आणि रडले. गावाला तेच सांगितलं. न्हावी बोलावून दिगूचं डोकं केलं, दहावं केलं, तेरावं केलं, गाव जेवलं. ती मास्तरीणही आली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, "मी त्या दिवशी उगाच बोलले." मला बरं वाटलं, हेही सांगते.

महिनाही झाला नव्हता. बाजाराचा दिवस. दुकानात पाच-सहा बायका बसलेल्या, मालक माल आणायला नांदेडला गेलेले. मी पाणी प्यायला आत आले, तर मागच्या अंगणात दारातून कुणीतरी आत येत होतं. काखेला गाठोडं, डोक्यावरून पदर. शालन.

पुढच्या दारानं यायची तिला लाज वाटली असेल, बायका बसलेल्या बघून. ती वाकून माझ्या पाया पडायला लागली. मी मागं सरले. तिचे हात माझ्यासमोर होते. मोकळे. मनगटावर एक काळा दोरासुद्धा नाही.

"आत्याबाई, कार्डं मिळाली ना? खोली घेतलीय मी, मावशीच्या शेजारी. शाळा जवळ आहे, मराठीपण आहे. पोरं न्यायला आले. तुम्ही आणि मामंजीपण या मधून मधून."

मी आवाज दाबून म्हटलं, "नव्या नवऱ्याला विचारलंस का? दुसऱ्याची पोरं सांभाळील का तो?"

"कोणता नवरा?"

"मला शिकवू नको. हिरवा चुडा भरून बसली होतीस त्या बाजारात."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "तो दुकानाचा माल असतो, आत्याबाई. तिथं विकणारीच्या हातात घालून दाखवतात. सकाळी घालायचा, संध्याकाळी उतरवून मोजून द्यायचा. मीपण आधी नाही म्हटलं होतं. पहिल्याच कार्डात लिहिलं होतं ना तुम्हाला, की मला माफ करा, असं करावं लागतं..." आणि मग ती थांबली. "तुम्ही आला होतात?"

मी पुढच्या दाराकडं बघितलं.

"पोरांना घेऊन?"

दिगू अंगणात गोट्या खेळत होता. तो उठून आमच्याजवळ आला. त्याच्या डोक्यावर नुकतेच काटे काटे उगवले होते. शालननं खाली बसून हात पुढं केले. तो आला नाही.

"दिगूचं डोकं का केलंय?"

मी उत्तर द्यायच्या आधी त्यानंच सांगितलं, मोठ्या रुबाबात, कारण सगळ्या गल्लीत त्याच्या एकट्याचंच डोकं केलेलं होतं. "माझी माय मेली ना!"

शालननं पुढं केलेले हात मागं घेतले. ती छबीकडं वळली. छबी तुळशीपाशी पाटी घेऊन उभी होती.

"छबे. तू तरी. ओळखलंस ना गं मला?"

छबीनं तिच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. बराच वेळ. आमच्यामध्ये चार हातांचं अंतर होतं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

पुढून कुणीतरी ओरडलं, "कौतिकाबाई, कोण आलंय हो आत?"

"आमची माय मेली," छबी म्हणाली, "आजीनं सांगितलंय."

मी पुढं तोंड करून आवाज दिला, "कुणी नाही. बोहारीण आलीय. आलेच."

शालन ओरडली असती, तर पाच-सहा बायका आत धावल्या असत्या आणि माझं सगळं उघडं पडलं असतं. दहावं, तेरावं, सगळं. मी त्याच भीतीनं उभी होते. पण ती ओरडली नाही. माझ्या घरात तिला आवाज चढवायची सवयच मी लागू दिली नव्हती. ती उठली, पदर पुढं ओढला आणि आली तशी मागच्या दारानं गेली. गाठोडं तिथंच राहिलं. मी पुढं गेले आणि अर्धवट राहिलेल्या बाईचा हात हातात घेतला. त्या दिवशी मी तेवीस बायकांना बांगड्या भरल्या.

पुढचंही सांगून टाकते. मी वाट बघत होते, की ती परत येईल, चार माणसं घेऊन येईल, पोलीस घेऊन येईल. ती आली नाही. दोन वर्षांनी महबूबभाई म्हणाले, कुठल्याशा घरची पोरं सांभाळायला ती अरबांच्या मुलखात गेली. त्यानंतर काही कळलं नाही. मालक गेले, त्यांना शेवटपर्यंत मी सांगितलं नाही. दिगू आता चाळिशीला टेकला. दरवर्षी पितरपाटात बापाच्या पानाशेजारी आईचं पान वाढतो, कावळा शिवेपर्यंत उन्हात उभा राहतो. ती जिवंत आहे की नाही, मला माहीत नाही. तो पान वाढतो तेव्हा मी आत जाऊन बसते.

पण त्या दिवशीची संध्याकाळ राहिली सांगायची. बाजार उठला होता. मी छबीला पुढ्यात घेऊन तिची वेणी घालत होते. तिनं दिवसभर काही खाल्लं नव्हतं.

"आजी."

"काय?"

"मी ओळखलं होतं तिला. आजपण आणि तिकडंपण."

माझे हात थांबले.

"पण मी तसं म्हटलं असतं, तर तू खोटी पडली असतीस. बाहेर बाया होत्या."

ती मान न वळवता म्हणाली, "मी बरोबर बोलले ना?"

सात वर्षांची पोर. तिच्या आवाजावरून मला कळत होतं, की मी 'नाही' म्हणावं असं तिला वाटतंय. मी 'नाही' म्हटलं असतं, तर ती तशीच अनवाणी स्टँडकडं पळाली असती. हैदराबादची शेवटची गाडी सुटायला अजून अर्धा तास होता.

"हो," मी म्हटलं. "शहाणी गं माझी."